ताईची फाईल

१२ फेब्रुवारी

ताई,

फोन तू उचलत नाहीस. भाऊजींना केला की ते बिचारे "ती कामात आहे" इतक्या घाईने म्हणतात की मलाच त्यांची दया येते. म्हणून पत्र लिहितेय. पत्र कट करता येत नाही. फार तर फाडशील, पण आधी वाचशील आणि मग फाडशील, एवढी मी तुला ओळखते.

माझी बदली झाली. बँकेची नोकरी म्हटल्यावर बदली आलीच, काय करणार! आता मी इथली शाखाधिकारी आहे. ऐकायला मोठं वाटतं ना? शाखा म्हणजे सायकलच्या दुकानावरच्या दोन खोल्या. जिना इतका अरुंद की चढणारा आणि उतरणारा समोरासमोर आले तर एकाला पोट आत घ्यावं लागतं. मी, कॅशियरकाका आणि शिपाईमामा, आम्हा तिघांवर सव्वीस गावं. नेट गेलं की सगळं ठप्प. काल अकराला गेलं ते तीनला आलं. चाळीस माणसं जिन्यावर बसून पासबुकांनी वारा घेत होती. कॅशियरकाका दर दहा मिनिटांनी बाहेर येऊन "निघालंय, निघालंय" म्हणून सांगायचे, जणू नेट नाही, पाहुणेच येणार आहेत.

एक गोष्ट मात्र खटकली. इथे लोक पैसे ठेवायला येतात, मागायला कोणी येत नाही. पहिल्याच आठवड्यात मी जुने आकडे काढून बघितले. इथे शंभर जमा होतात, त्यातले वीससुद्धा इथे कर्जाने जात नाहीत. उरलेले जातात शहरात, ज्याची तीन मजली इमारत आहे त्याला चौथा मजला चढवायला. इथल्या माणसाला नड आली की तो दुकानदाराकडे जातो, आणि दुकानदार महिन्याला शेकडा पाच लावतो. "बँकेत का नाही येत?" असं एकाला विचारलं, तर हसला. म्हणाला, "बाई, बँकेत कागद लागतात. कागद असते तर कर्ज कशाला लागलं असतं?"

तुझ्या कर्जाच्या फाईलचा राग अजून गेला नसेल. वरूनच नामंजूर झाली गं. घर आजोबांच्या नावावर, चार काकांपैकी एकाचीही सही नाही, तारण म्हणून दाखवायला काही नाही. मी काय करणार होते? हॉस्पिटलच्या चादरी आणि गाऊनची ऑर्डर गेल्याचं भाऊजींनी सांगितलं. तुझ्याकडच्या सातजणींपैकी दोघी काम सोडून गेल्या तेही सांगितलं. मी ऐकून घेतलं. 

जेवत जा वेळेवर. मशीनवर बसलीस की तुला तहानभूक राहत नाही.

तुझी,
बारकी


९ एप्रिल

ताई,

उत्तर आलं नाही. म्हणजे पत्र फाडलं नाहीस. फाडलं असतंस तर तसं कळवायला तरी फोन केला असतास.

परवा एक गंमत झाली. एक बाई आली, पन्नाशीची, हाताला काळं ग्रीस, पायात पुरुषी बूट. इथे सगळे तिला मोटारवाली म्हणतात. जळालेल्या पंपांच्या मोटारी ती दुरुस्त करते. नवरा करायचा हे काम. तो गेला, तेव्हापासून ती एकटी करते. तांब्याची तार हाताने गुंडाळते. एका मोटारीला दीड दिवस लागतो. तार गुंडाळायचं यंत्र घेतलं तर दिवसात दोन होतील. त्या यंत्रासाठी कर्ज हवंय.

मी नेहमीची प्रश्नपत्रिका काढली. जागेचे कागद? नाहीत. रस्त्याकडेच्या पट्टीवर पत्र्याची शेड आहे. उत्पन्नाचा दाखला? नाही. जामीनदार? "जामीन राहील असा माणूस माझ्या ओळखीत असता तर त्याच्याकडूनच घेतले असते की." मी नियम सांगितला, नेहमीचं दिलगिरीचं हसू हसले. तीसुद्धा हसली आणि उठली. दारात थांबून म्हणाली, "मॅडम, तुमचा जनरेटर चालतोय ना नीट?"

"हो. का?"

"मागच्या वर्षी जळाला होता. मी नवी तार भरून दिला. तेव्हा तुमच्या आधीच्या साहेबांनी माझ्याकडे काही तारण मागितलं नव्हतं. उचलून दिला माझ्या हवाली आणि गेले."

कॅशियरकाका नोटा मोजताना चुकले आणि पहिल्यापासून मोजायला लागले. 

ती जिना उतरून गेली, आणि मला तू दिसायला लागलीस. तूही अशीच समोरच्या खुर्चीवर बसली होतीस. फाईलला पांढरं लेबल लावलं होतंस, अक्षर तर असं की टाके घातल्यासारखं. आणि मला सगळ्यांसमोर "मॅडम" म्हणाली होतीस. आत कोणी नाही हे बघून मग हळूच म्हणालीस, "बारके, बारीक झालीस गं."

आज एवढंच.

बारकी


२ जून

ताई,

मी रविवारी मोटारवालीच्या शेडमध्ये जाऊन बसते, हे ऐकून तू हसशील. सलग तीन रविवार गेले.

कारण असं. मी तिला परत बोलावून विचारलं, "हिशोब कुठे लिहिता?" म्हणाली, "कॅलेंडरवर." मला वाटलं या महिन्याचं असेल. शेडमध्ये गेले तर एका खिळ्याला सहा वर्षांची कॅलेंडरं, एकावर एक! प्रत्येक तारखेच्या चौकोनात पेन्सिलीने मोटार केवढी, कोणाची, पैसे आले की राहिले. नावं तिची तिनेच पाडलेली. एक "मिशीवाला", एक "उद्या देतो", एक "देवमाणूस". मी विचारलं, "हा देवमाणूस लगेच पैसे देतो वाटतं?" "छे! देवासारखा आहे, दिसतच नाही."

मी जमिनीवर बसून सहा वर्षं उतरवून काढली. पाठ अशी धरली की शिपाईमामांनी ऑफिसात उशी आणून दिली. पण चित्र स्वच्छ दिसलं. बाईचं उत्पन्न चांगलं आहे. शंभरातले नव्वद गिऱ्हाईक उशिरा का होईना, पैसे देतात. वर्षातले तीन महिने मात्र शेतातले पंप बंद, तेव्हा तिच्या हातात दमडी नसते. त्या तीन महिन्यांतच ती तारेच्या दुकानदाराकडून उधार घेते, आणि पुढचे नऊ महिने ते फेडते. म्हणजे तिला कर्ज पेलत नाही असं नाही. दर महिन्याला सारखा हप्ता पेलत नाही. नऊ महिने हप्ता आणि तीन महिने सुट्टी, एवढं केलं की झालं.

मी तसा प्रस्ताव करून हेड ऑफिसला पाठवला. आठ दिवसांत उत्तर आलं, दोन शब्द: "तारण अपुरे." मी फोन केला. तिथला माणूस सभ्य होता. म्हणाला, "मॅडम, तीन महिने सुट्टीचा हप्ता कॉम्प्युटर घेतच नाही. तसा रकानाच नाही त्यात."

"मग रकाना करा," मी म्हटलं.

पलीकडून नुसतं "हॅलो? हॅलो?" त्याला वाटलं असावं, लाईन कट झाली.

मी पुन्हा पाठवतेय. या वेळी कॅलेंडरांचे फोटो जोडून.

तू मला कापड कापायला शिकवलं होतंस, आठवतं? आधी मापं घे, मग कात्री लाव. मी गेली सतरा वर्षं बहुतेक उलटं करत आले.

बारकी


२८ जुलै

ताई,

हे पत्र मी चौथ्यांदा लिहितेय. तीन फाडली.

गेल्या सोमवारी मी स्वतः हेड ऑफिसला गेले. मोठ्या साहेबांसमोर कॅलेंडरं ठेवली, फोटो नाहीत, खरीखुरी. मोटारवालीने पिशवीत घालून दिली होती आणि बजावलं होतं, "हरवली तर मी बुडाले." साहेबांनी चष्मा लावून एकेक पान उलटलं. "देवमाणूस"पाशी थांबून हसले. मग म्हणाले, "बाई खरी आहे हे पटलं मला. पण उद्या पन्नास शाखा पन्नास खिळ्यांवरची कॅलेंडरं घेऊन येतील, आणि त्यातली वीस खोटी निघतील. तेव्हा काय करायचं?"

मी म्हटलं, "साहेब, कागद असलेलेसुद्धा बुडवतातच की. ते आपण बघून घेतोच ना?"

त्यांनी कॅलेंडरं नीट एकावर एक रचली. मग विचारलं, "अशी कागद नसलेली केस तुम्ही याआधी कधी वर पाठवली होती?"

"नाही," मी म्हणाले.

आणि ताई, तो "नाही" तोंडातून निघाला तशी मी कॅलेंडरं उलटीसुलटी पिशवीत भरायला लागले. साहेबांनी पाण्याचा ग्लास पुढे केला. त्यांना वाटलं, मी प्रवासाने दमले.

तुझी फाईल वर गेलीच नव्हती.

मी पाठवलीच नाही. तीन आठवडे माझ्या खणात होती. मग मीच तुला सांगितलं की वरून नामंजूर झाली. तुझ्या डोळ्यांत न बघता सांगितलं, टेबलावरचा पेपरवेट फिरवत. बदलीही झाली नाही, मी मागून घेतली. तुझ्या दुकानावरून रोज येणंजाणं सोसेना.

का केलं ते सांगते. सबब म्हणून नाही, तुला कळावं म्हणून. बाबांची पतसंस्था बुडाली तेव्हा मी चौदा वर्षांची होते. बाबा सचिव. स्वतः एक पैसा खाल्ला नाही. पण भिडेपोटी, मामेभावाला, मित्राला, मित्राच्या मेव्हण्याला, ज्याने त्याने शब्द टाकला की कर्ज द्यायचे. मग एके सकाळी अंगणात माणसं उभी राहिली. ओरडत नव्हती, ताई. नुसती उभी होती. मी खिडकीतून बघत होते. मी तेव्हा कानाला खडा लावला की आपल्या माणसासाठी कधी सही करायची नाही. आणि तू समोर फाईल ठेवलीस, तेव्हा मला तुझी फाईल दिसलीच नाही. अंगण दिसलं.

नियमाने मी ती वर पाठवायला हवी होती, "ही माझी सख्खी बहीण आहे, निर्णय दुसऱ्याने घ्यावा" असं लिहून. दोन ओळींचं काम होतं. घाबरले. आणि घाबरले असं कबूल करण्यापेक्षा खोटं बोलणं सोपं गेलं.

मोटारवालीचं कर्ज मंजूर झालं. मागितलं त्याच्या पाऊणपट, आणि तीन महिने सुट्टीसह. साहेबांनी पाच केसेस करून बघायला सांगितलंय. पाचातल्या दोन थकल्या तर जबाब मी द्यायचा. तिला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "जनरेटरचं ऑइल बदला. आवाज बरोबर नाही येत."

तुझ्यासमोर यायचं धैर्य नाही. तू बोलावशील म्हणून वाट बघते.

बारकी


१० ऑगस्ट

बारके,

मला पत्रं लिहायची सवय नाही. सरळ लिहिते.

फाईल वर गेली नाही हे मला त्याच आठवड्यात कळलं. मी हेड ऑफिसला गेले होते. येताना चार तास, जाताना चार तास. म्हटलं, नाही म्हणाले तर का ते तरी विचारावं. तिथल्या क्लार्कने दोन वह्या बघितल्या, कॉम्प्युटर बघितला, आणि म्हणाला, "या नावाची फाईल आलेलीच नाही." मी त्याला म्हटलं, माझीच काहीतरी चूक झाली असेल. तुझं नाव घेतलं नाही. घेतलं असतं तर तुझी नोकरी गेली असती.

राग आला. तू खोटं बोललीस म्हणून आला, पण तो चार दिवसांत गेला असता. खरा राग वेगळा. तू मला बाबांच्या त्या शब्द टाकणाऱ्यांच्या रांगेत बसवलंस.

तू खिडकीतून अंगण बघितलंस. मी अंगणात होते. संस्था बुडाल्यावर मोठ्यांनी कोर्टात दावे लावले, पण छोट्यांचं कोण बघणार? भांडी घासणारी म्हातारी, दूधवाला, शाळेतली शिपाईण. एकवीस जण होते. बाबांनी एका कागदावर त्यांची नावं लिहून माझ्या हातात दिली आणि त्यानंतर त्या विषयावर एक शब्द बोलले नाहीत. मी फेडले त्यांचे पैसे, बारके. नऊ वर्षं लागली. ब्लाऊज शिवून, परकर शिवून, तुझी फी भरून उरेल त्यातून दर महिन्याला थोडे थोडे. प्रत्येकाची सही किंवा अंगठा वहीत आहे. तू तेव्हा आधी शाळेत, मग कॉलेजात होतीस, तुझं लक्ष उडालं असतं म्हणून सांगितलं नाही. तुझ्या भाऊजींना लग्नाआधीच सांगितलं होतं. ते म्हणाले, फेडून झालं की मग बघू का मुहूर्त? म्हटलं नको, तुम्हीही फेडायला लागा. लागले बिचारे.

आता तू सांग, नऊ वर्षं दुसऱ्यांचं देणं फेडलेली बाई तुझ्या बँकेच्या कोणत्या रकान्यात बसते?

आणखी एक. त्या मोटारवालीकडे तीन रविवार जमिनीवर बसलीस. बरं केलंस. पण माझ्या दुकानात तू अकरा वर्षांत एक दुपार बसली नाहीस. पाच मिनिटं येतेस, चहा उभ्याने पितेस आणि घड्याळ बघतेस. हे लिहायचं नव्हतं, पण लिहिलं गेलं.

इथे तुझ्या जागी नवीन साहेब आलाय. पोरगेलासा आहे, पण ऐकून घेतो म्हणतात. मी परत अर्ज करणार आहे. तू मध्ये पडायचं नाहीस. शब्द टाकायचा नाहीस, फोन करायचा नाहीस. यायचं असेल तर ये आणि बाहेर बस.

ताई


४ ऑक्टोबर

ताई,

काल तुझ्याकडून निघताना बसमध्ये खिडकी मिळाली आणि सगळं डोळ्यांसमोरून गेलं. तू आत होतीस, म्हणून बाहेर काय झालं ते तुला माहीत नाही. तेवढं सांगते.

केबिनबाहेरच्या त्या बाकावर मी आजवर कधी बसले नव्हते. चार वर्षं तिथली अधिकारी होते, रोज त्याच्यासमोरून जायची. बसल्यावर कळलं की त्याचा एक पाय आखूड आहे. कोणी हललं की सगळे हलतात. साहेबांच्या केबिनची काच धुरकट आहे, आतलं तोंड दिसत नाही, फक्त डोकी हलताना दिसतात. डोकं खालीवर झालं की बाहेरच्यांना वाटतं, देणार. आडवं हललं की बाक हलतो. आतल्या खुर्चीत बसून मी सतरा वर्षं डोकं हलवत आले, आणि बाहेर कोणी ते मोजत असेल हे कधी मनात आलं नाही.

माझ्या शेजारी एक म्हातारी होती, मांडीवर प्लास्टिकची पिशवी, त्यात कागद. तिने विचारलं, "आत कोण गेलंय तुमचं?"

"माझी ताई."

"कशासाठी?"

"काज करायच्या मशीनसाठी."

"देतील का हो?"

ताई, इतक्या लोकांना मी या प्रश्नाची उत्तरं दिलीत! तिला मात्र म्हटलं, "माहीत नाही, आजी." ती म्हणाली, "मग तुम्हीपण आमच्यातल्याच," आणि पिशवी मांडीवर घट्ट धरून सरकली, मला जागा करून दिली.

मग तुझा आवाज आला. काचेतूनही आला, तुझा आवाज काय सांगायचा! "साहेब, ही वही. एकवीस नावं. यातलं एकही देणं माझं नव्हतं आणि एकही राहिलेलं नाही. आता माझं स्वतःचं देणं असेल तर ते मी बाकी ठेवीन का?" त्यानंतर आत फक्त पानं उलटल्याची सळसळ. मी दोन्ही हात मांडीखाली दाबून बसले होते, की उठून आत जाऊ नये. तुला शब्द दिला होता. जन्मात एवढं अवघड काम केलं नाही.

तू बाहेर आलीस ती माझ्याकडे न बघता आधी त्या आजींना म्हणालीस, "जा आजी. आत पंखा आहे आणि माणूस ऐकून घेतो. कागद नसला तर जे आहे ते सांगा." त्या आत गेल्या. मग कमरेवर हात ठेवून माझ्यासमोर उभी राहिलीस.

"एक मशीन देतोय. दोन मागितली होती. दुसऱ्यासाठी सहा महिन्यांनी ये म्हणाला." आणि मग, "हे काय? रडतेस कशाला? मशीन मिळालंय, कोणी गेलं नाही!"

सगळी बँक बघत होती. मला हसू आलं आणि रडूही थांबेना. तू रुमाल काढलास, आणि माझा चेहरा असा खसाखसा पुसलास की नाक लाल झालं. सतरा वर्षांची बँकेतली नोकरी, चाळिशी उलटली, आणि माझ्याच जुन्या ऑफिसात सगळ्यांदेखत नाक पुसून घेतलं मी.

त्यानंतरची दुपार मी कोणालाच सांगणार नाही. दुकानात बसले, बसून राहिले, घड्याळ पर्समध्ये टाकलं. तुझ्या पाचजणींनी माझ्याकडून तीनशे बटणं रंगाप्रमाणे वेगळी करून घेतली, आणि मी चाळीस चुकवली. त्यातली ती ठेंगणी तर म्हणाली, "ताई, हिला बँकेत कोणी ठेवलं?" तू म्हणालीस, "मी."

पुढच्या रविवारी पहिल्या बसने येतेय. डबा आणू नको म्हणालीस तरी आणणार.

तुझी,
बारकी